तबकडीचे आयुष्य आणि कायद्याची मुदत

गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. त्यांच्या काळच्या इतर गायकांच्या लाखेच्या तबकड्या मात्र माळ्यांवर धूळ खात पडल्या आहेत. १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रिकेस ५० वर्षांचे संरक्षण दिले. १९९२ च्या दुरुस्तीने ते ६० वर्षांचे केले. निर्मात्याच्या श्रमाचे मोल राखावे, हे न्याय्यच. परंतु लाख ठिसूळ. कायद्याची मुदत संपेपर्यंत ती वाट पाहत नाही. तबकडी फुटली, की तीन-साडेतीन मिनिटांत बसविलेला तो राग कायमचा गेला! मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या बहुतेक तबकड्यांची मुदत आता उलटली आहे. गीत वा चाल अर्वाचीन असल्यास तिचे हक्क निराळे पाहावेत. परंपरागत चिजांस ती अडचण नाही. देवस्थानांनी त्यांच्या संगणकीय प्रती वेळीच करवून घ्याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.