पोप सोळावे बेनेडिक्ट यांचा पदत्याग

कॅथलिक ख्रिस्तसभेचे २६५ वे पोप सोळावे बेनेडिक्ट (मूळ नाव योझेफ रात्सिंगर, जन्म १६ एप्रिल १९२७, मृत्यू ३१ डिसेंबर २०२२) यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी आपण पद सोडत असल्याचे जाहीर केले. हा निर्णय २८ फेब्रुवारी २०१३ रोजी रोमच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता, म्हणजे भारतात १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता, अमलात आला. सुमारे सहाशे वर्षांत कोणत्याही पोपने हयातीत पद सोडले नव्हते. त्यामुळे ही घटना कॅथलिक समाजात आदराने, पण मोठ्या अस्वस्थतेनेही स्वीकारली गेली. पोप हे पद म्हणजे सोपवलेले एक कार्य आहे, की आमरण टिकणारे पितृत्व आहे, हा प्रश्न तिने सामान्य श्रद्धावंतांपुढे उभा केला.

शब्दप्रयोग

मराठी वृत्तपत्रांनी या घटनेसाठी सर्रास ‘राजीनामा’ हा शब्द वापरला. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमतिपत्र असा आहे. आजच्या व्यवहारात राजीनामा वरिष्ठाकडे सादर केला जातो आणि त्याने तो मंजूर करावा लागतो. पोपला पृथ्वीवर असा कोणी वरिष्ठ नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ३३२ व्या कलमानुसार पोपचा पदत्याग स्वेच्छेने झालेला आणि योग्य रीतीने प्रकट केलेला असला की पुरे. त्याला कोणाच्याही स्वीकृतीची आवश्यकता नसते. म्हणून ‘पदत्याग’ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

घोषणा

११ फेब्रुवारी २०१३ हा सोमवार होता. काही व्यक्तींना संतपद देण्याच्या विषयावर कार्डिनलांची नेहमीची सभा व्हॅटिकनमध्ये भरली होती. ती संपताना बेनेडिक्ट यांनी लॅटिनमधून एक छोटे निवेदन वाचले. वाढत्या वयामुळे शरीराचे व मनाचे बळ ओसरले असून आपल्यावर सोपवलेले कार्य यापुढे नीट पार पाडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. उपस्थित पत्रकारांपैकी लॅटिन जाणणाऱ्या, इटलीच्या ‘आन्सा’ वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना कीर्री यांना त्याचा अर्थ तत्काळ उमगला आणि ही बातमी सर्वप्रथम त्यांच्याकडून जगाला कळली. ज्या भाषेला मृत म्हणण्याची प्रथा आहे, तिच्या ज्ञानाने एकविसाव्या शतकातील एवढी मोठी बातमी मिळवून द्यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बेनेडिक्ट त्या वेळी ८५ वर्षांचे होते. मार्च २०१२ मधील मेक्सिको व क्यूबाचा दौरा त्यांना झेपला नव्हता. जुलै २०१३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे होणाऱ्या जागतिक युवा संमेलनासाठी पुन्हा तसा प्रवास करणे आपल्याला शक्य नाही, हे पदत्यागाचे एक कारण त्यांनी पुढे स्वतः सांगितले. २०१२ मध्ये त्यांच्या खासगी सेवकाने कागदपत्रे बाहेर दिल्याचे प्रकरण गाजले होते. त्या दडपणाखाली त्यांनी पद सोडले, असा तर्क अनेकांनी केला. बेनेडिक्ट यांनी तो नाकारला. एवढे मात्र खरे की हा विचार अचानक आलेला नव्हता. पत्रकार पीटर झेवाल्ड यांच्याशी झालेल्या आणि २०१० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संवादात, कार्यभार पेलण्याची क्षमता उरली नाही तर पद सोडणे हा पोपचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही ठरते, असे मत त्यांनी मांडले होते.

पूर्वीचे दाखले

स्वतःच्या इच्छेने पद सोडणाऱ्या पोपचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाचवे सेलेस्टीन यांचे आहे. हे संन्यासी वृत्तीचे वृद्ध गृहस्थ जुलै १२९४ मध्ये निवडले गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पदावरून दूर झाले. पुढील पोप आठवे बोनिफेस यांनी, त्यांच्याभोवती विरोधक जमू नयेत म्हणून, त्यांना नजरकैदेत ठेवले; १२९६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. १४१५ मध्ये बारावे ग्रेगरी दूर झाले ते वेगळ्या कारणाने. त्या काळी तिघे जण एकाच वेळी पोपपदावर दावा सांगत होते आणि ती फूट मिटवण्यासाठी त्यांना पद सोडावे लागले. एप्रिल २००९ मध्ये भूकंपग्रस्त लाक्विला शहराला भेट देताना बेनेडिक्ट यांनी सेलेस्टीन यांच्या समाधीवर आपले पालियम, म्हणजे खांद्यावरील लोकरी धर्मवस्त्र, अर्पण केले होते. त्या वेळी या कृतीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

कॅथलिक जगातील प्रतिक्रिया

कार्डिनल मंडळाचे ज्येष्ठ आंजेलो सोदानो यांनी सभेतच, निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तशी ही वार्ता असल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी रोममध्ये वादळ होऊन संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटावर खरोखरच वीज पडली आणि तिचे छायाचित्र जगभर पोहोचले.

सर्वांत बोलकी प्रतिक्रिया पोलंडमधून आली. दुसरे जॉन पॉल यांचे अनेक वर्षांचे सचिव आणि क्राकोवचे आर्चबिशप कार्डिनल स्तानिस्लाव जीविश यांनी, जॉन पॉल क्रुसावरून खाली उतरले नव्हते, अशी आठवण करून दिली. कंपवाताने वाणी आणि हालचाल हिरावली जात असताना एप्रिल २००५ पर्यंत पदावर राहिलेले जॉन पॉल लोकांनी पाहिले होते आणि पोपने कसे मरावे याचा तोच मापदंड ठरला होता. २७ फेब्रुवारीच्या अखेरच्या सार्वजनिक भेटीत बेनेडिक्ट यांनी, आपण क्रूस सोडत नसून क्रुसावरील प्रभूच्या सान्निध्यात नव्या रीतीने राहणार आहोत, अशा आशयाचे विधान केले. जीविश यांचे नाव न घेता दिलेले ते उत्तर होते, असे मानण्यास जागा आहे.

दुसऱ्या बाजूला अनेकांना या कृतीत विनम्रता दिसली. बिशपांनी ७५ व्या वर्षी निवृत्तिपत्र द्यावे आणि ८० वर्षांवरील कार्डिनलांना मतदानाचा अधिकार नसावा, हे नियम पोप सहावे पॉल यांच्या काळापासून आहेत. मग वयाची मर्यादा केवळ पोपलाच का नको, हा युक्तिवाद यामुळे बळावला. सिडनीचे कार्डिनल जॉर्ज पेल यांनी मात्र वेगळी भीती व्यक्त केली: एकदा पायंडा पडला की पुढील पोपशी मतभेद असणारे लोक त्याच्यावर पद सोडण्यासाठी दबाव आणतील.

महाराष्ट्रातील कॅथलिक समाज

महाराष्ट्रात मुंबई महाधर्मप्रांत, वसई, पुणे व नाशिक हे धर्मप्रांत या समाजाची प्रमुख केंद्रे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा हे तेथील मोठे श्रद्धास्थान. या जिल्ह्यातील बरेच ख्रिस्ती लोक मात्र १८३१ पासून चालत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट आहेत व त्यांच्यावर पोपचा अधिकार चालत नाही. सर्वच ख्रिस्ती लोकांचा धर्मप्रमुख पोप असतो, हा समज चुकीचा आहे.

येथील कॅथलिकांच्या मनात पोपची प्रतिमा घडली ती दोन भेटींतून. सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आले. दुसरे जॉन पॉल फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबई, पुणे व गोवा येथे येऊन गेले. बेनेडिक्ट पोप असताना भारतात आले नाहीत. तरीही त्यांच्या जाण्याचा परिणाम धर्मग्रामातील अगदी लहान चर्चपर्यंत पोहोचला, तो उपासनेच्या मार्गाने. प्रत्येक मिस्साबलिदानात धर्मगुरू पोपचे आणि स्थानिक बिशपचे नाव घेऊन प्रार्थना करतात. पोपचे आसन रिकामे असताना ते नाव गाळले जाते. १ मार्च २०१३ च्या सकाळपासून प्रायश्चित्तकाळातील जवळजवळ दोन आठवडे तेथे केवळ बिशपचे नाव उरले. एरवी असे होते ते पोपच्या मृत्यूनंतर. या वेळी ज्यांचे नाव गळले ते हयात होते. वडील गेल्याचे दुःख करावे तर ते आहेत, आणि ‘आमचे पोप’ म्हणावे तर ते नाहीत, अशी ही विलक्षण अवस्था होती.

हयात धर्माधिकाऱ्याने दूर होण्याचा अनुभव मुंबईला मात्र नवा नव्हता. आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुईट १९३७ मध्ये नेमले गेले. मुंबईच्या धर्मासनावर पाळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्ती नेमण्याचा तेव्हा करार होता. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात ही व्यवस्था टिकू नये, या धारणेने रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप म्हणून पुढे आणले आणि कारभार त्यांच्या हाती देऊन स्वतः मुंबई सोडली. १९५० मध्ये त्यांचा पदत्याग औपचारिक झाला, ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनलही. ग्रेशस १९७८ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतरचे सायमन पिमेंटा १९९६ मध्ये निवृत्त झाले आणि बेनेडिक्ट यांनी पद सोडले तेव्हा ते हयात होते. निवृत्त धर्मपिता आणि पदस्थ धर्मपिता एकाच वेळी असू शकतात, हे मुंबईकर कॅथलिकांनी अशा रीतीने आधीच अनुभवले होते.

उत्तराधिकाऱ्याची निवड

मृत पोपसाठीचे दुखवट्याचे दिवस या वेळी नव्हते. त्यामुळे निवडणूक लवकर सुरू करण्याची मुभा बेनेडिक्ट यांनी २२ फेब्रुवारीच्या आज्ञापत्राने दिली. १२ मार्च रोजी ११५ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये गेले. निवडीसाठी दोनतृतीयांश, म्हणजे ७७ मते आवश्यक होती. मतदारांपैकी ६० युरोपीय (त्यांतील २८ इटालियन) आणि १० आशियाई होते. आशियातील निम्मे भारतीय होते. मुंबईचे आर्चबिशप व भारतीय बिशप परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष ओस्वाल्ड ग्रेशस, मुंबईतच जन्मलेले व तेथील माजी आर्चबिशप आयव्हन डायस, रांचीचे तेलेस्फोर टोप्पो, आणि केरळमधील पौर्वात्य परंपरेच्या दोन ख्रिस्तसभांचे प्रमुख जॉर्ज आलंचेरी व बसेलिओस क्लेमिस. ५३ वर्षांचे क्लेमिस हे त्या निवडणुकीतील सर्वांत तरुण मतदार होते.

पुढील पोप आशिया वा आफ्रिकेतून यावा, अशी चर्चा या काळात जोरात होती; भारतीय वृत्तपत्रांनी ओस्वाल्ड ग्रेशस यांचेही नाव घेतले. ती चर्चा अभ्यासापेक्षा अभिमानावर अधिक उभी होती. १३ मार्च रोजी पाचव्या फेरीत अर्जेंटिनाचे ७६ वर्षीय कार्डिनल होर्हे मारिओ बेर्गोलिओ निवडले गेले व त्यांनी फ्रान्सिस हे नाव घेतले. अमेरिका खंडातील ते पहिले आणि जेझुईट संघातील पहिलेच पोप. नावाची घोषणा झाली तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. महिन्याभरातच फ्रान्सिस यांनी आपल्याला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या आठ कार्डिनलांत ओस्वाल्ड ग्रेशस यांचा समावेश केला.

निवृत्त पोपचे स्थान

खरा गुंता यापुढचा होता. बेनेडिक्ट यांनी पांढरा झगा आणि पोपपदाचे नाव कायम ठेवले, ‘निवृत्त पोप’ ही उपाधी घेतली आणि मे २०१३ पासून ते व्हॅटिकनच्याच आवारातील एका मठात राहू लागले. ते मूळ नावाने व साध्या बिशपच्या वेशात राहिले असते तर पुष्कळ संभ्रम टळला असता, असे मत अनेक धर्मविधितज्ज्ञांनी मांडले. ते ग्राह्य वाटते. फ्रान्सिस यांच्यावर नाराज असलेल्या एका लहान गटाने पदत्यागच अवैध असल्याचा दावा चालवला, जरी बेनेडिक्ट यांनी तो वारंवार फेटाळला. जानेवारी २०२० मध्ये धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचे समर्थन करणाऱ्या एका ग्रंथावर कार्डिनल रॉबेर सारा यांच्याबरोबर बेनेडिक्ट यांचे नाव छापले गेले. ॲमेझॉन खोऱ्यासाठी याच विषयावर फ्रान्सिस यांचा निर्णय तेव्हा प्रलंबित होता. वाद उठताच सहलेखक म्हणून आपले नाव काढावे, असे बेनेडिक्ट यांनी कळवले. सेलेस्टीन यांना कैदेत ठेवण्यामागे बोनिफेस यांच्या मनात जी धास्ती होती, तिचेच हे सौम्य, आधुनिक रूप म्हणता येईल.

५ जानेवारी २०२३ रोजी बेनेडिक्ट यांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य पोप फ्रान्सिस यांनी केले. प्रकृती अगदीच ढासळल्यास उपयोगी पडावे म्हणून फ्रान्सिस यांनीही आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच पदत्यागाचे पत्र लिहून ठेवले होते. परंतु २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे पदावर असतानाच निधन झाले. ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ निवडले गेले, त्या वेळी गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव यांच्यासह चार भारतीय कार्डिनलांनी मतदान केले. ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर २०२४ मध्ये ८० वर्षांचे झाल्याने मतदार नव्हते, आणि मुंबईचे आर्चबिशपपदही त्यांनी जानेवारी २०२५ मध्येच सोडले होते.