तणमोर आणि 'पडीक' जमीन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इ. स. १८८० हे वर्ष रत्नागिरी जिल्ह्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतील रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुलकी सेवेतील अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी ए. ओ. ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली गेली. जमिनीची प्रतवारी लावणारे आणि पक्ष्यांची नोंद ठेवणारे प्रशासन एकच होते. परंतु या दोन नोंदवह्या एकमेकींशी कधी ताडून पाहिल्या गेल्या नाहीत. या दुराव्याची मोठी किंमत गवताळ प्रदेशातील पक्ष्यांना मोजावी लागली. सह्याद्रीपलीकडील माळांवरचा तणमोर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तणमोराचे जीवनचक्र

तणमोर हा माळढोकाच्या कुळातील, भारतात आढळणारा सर्वांत लहान पक्षी. त्याचे स्थलांतर पावसाशी निगडित आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला की तो राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या काही भागांत विणीसाठी येतो आणि पावसाळा संपताच दक्षिणेकडील पठारी मुलखात पांगतो. विणीच्या काळात काळा-पांढरा झालेला नर गवताच्या वर उंच उडी घेऊन पंख फडफडवितो. दिवसातून शेकडो वेळा घेतलेली ही उडी मादीला आकर्षित करण्यासाठी असते. मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला अंडी घालते. म्हणजेच मध्यम उंचीचे, न तुडवलेले गवत ऐन पावसाळ्यात शिल्लक असणे ही या पक्ष्याच्या अस्तित्वाची पहिली अट आहे.

शिकार आणि कायदा

एरवी गवतात न दिसणारा नर उडीमुळे शिकाऱ्याच्या नजरेस पडे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात तणमोराची शिकार मुख्यतः विणीच्या हंगामातच होत असे. या प्रथेचा निषेध त्या काळच्या शिकारविषयक लेखनातही आढळतो. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात तणमोराचा समावेश झाला आणि बंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. पुढे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान मिळाले. कागदावर का होईना, पक्ष्याला संरक्षण लाभले. त्याच्या गवताला मात्र ते लाभले नाही.

महसुली दृष्टी आणि गवताळ माळ

गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घालून दिलेल्या मोजणीपद्धतीत जमिनीचे मूल्य तिच्या पिकाऊपणावरून ठरे. वऱ्हाडातही पुढे याच धर्तीची मोजणी झाली. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, आणि पडीक जमीन लागवडीखाली आणणे हीच प्रगती, असे समीकरण त्यातून रूढ झाले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली आणि काळ्या मातीच्या मुलखात नांगर आणखी पुढे सरकला. गुरचराईचे गायरान आणि राखीव कुरण एवढेच गवताचे आश्रयस्थान उरले.

स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी बदलली नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, तेव्हा भर वृक्षलागवडीवर होता. गवताळ माळावर झाडे लावणे म्हणजे निसर्गाची सेवा, असा समज दृढ झाला. वस्तुतः झाडे लावलेला माळ तणमोराला नांगरलेल्या माळाइतकाच निरुपयोगी असतो. त्यात अतिचराई, गायरानांवरील अतिक्रमणे, कीटकनाशके, मोकाट कुत्री व वीजवाहक तारा यांची भर पडली आहे.

परिणाम

१९८३ मध्ये मध्य प्रदेशात सैलाना व सरदारपूर ही अभयारण्ये खास तणमोरासाठी घोषित झाली. या पक्ष्याची संख्या पावसाच्या मानाने कमी-अधिक होत असल्याने एका वर्षाच्या गणनेवरून निष्कर्ष काढता येत नाही. तथापि दीर्घकालीन कल स्पष्ट आहे. १९९४ मध्ये सुमारे ३,५०० आणि १९९९ मध्ये सुमारे २,२०० असा अंदाज होता; २०१७ च्या सर्वेक्षणानंतर ही संख्या काही शेकड्यांवर आल्याचे दिसून आले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तणमोराचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात केला.

महाराष्ट्रात अकोला व वाशीम जिल्ह्यांत तणमोर आढळतो. गवत उरले नाही तेथे तो सोयाबीनच्या शेतातही उड्या घेताना दिसतो. परंतु फवारणी, कोळपणी व कापणी यांमुळे तेथील घरटे सुरक्षित नसते. या भागातील संवर्धनकार्यात फासेपारधी समाजातील जाणकारांचा सहभाग आहे. माळाला पडीक न समजता त्याची बारकाईने ओळख ठेवणारा हा समाज स्वतः मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणाने कलंकित ठरविला गेला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

निष्कर्ष

तणमोराच्या ऱ्हासात बंदुकीचा वाटा मोठा असला, तरी शिकारबंदीनंतरही ऱ्हास थांबला नाही, कारण महसुली दप्तरातील शब्द बदलला नाही. हा प्रश्न वऱ्हाड-माळव्यापुरता मर्यादित नाही. रत्नागिरीचे जांभ्या कातळाचे सडे म्हणजे तणमोराचे माळ नव्हेत. तरीही पावसाळ्यात गवत आणि रानफुलांनी भरणारे हे सडे दप्तरात कातळ वा पोटखराबा ठरतात आणि म्हणूनच चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या कलमांच्या बागा व मोठे प्रकल्प यांसाठी सहज उपलब्ध मानले जातात. याच सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. 'ओसाड' कातळावरही मानवी इतिहास कोरलेला असू शकतो, हे त्यातून मान्य झाले. त्याच जमिनीवरील गवताचा व पक्ष्यांचा इतिहासही तितक्याच गांभीर्याने नोंदविला गेला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील जुने मोजणी अभिलेख आणि पक्षिनोंदी शेजारी ठेवून अभ्यासल्यास १८८० मध्ये राहून गेलेले काम आजही हाती घेता येईल. तणमोराच्या बाबतीत मात्र त्यासाठी फारसा अवधी उरलेला नाही.