एका एकवीस आंकडी संख्येची कुळकथा

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें स्थानांचीं नांवें एकं, दहं, शतं या क्रमानें येतात व परार्धापाशीं थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ या संख्येंत असे चौदाशें पंचाहत्तर परार्ध मावून वर शिल्लक उरते. तिची घडण मात्र अगदीं साधी आहे. सदुसष्ट वेळां दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यांतून एक वजा करावा.

ही मूळसंख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून तिला दुसरा भाजक नाहीं, असें १६४४ सालीं पॅरिसच्या मारँ मेर्सेन या मठवासी पंडितानें लिहून ठेविलें. दोनाचा घात २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ किंवा २५७ असतां एक वजा करून मूळसंख्या मिळते, २५७ पर्यंतच्या दुसऱ्या कोणत्याहि घातानें मिळत नाहीं, अशी त्याची यादी होती. पुरावा त्यानें दिला नाहीं. पण यादीला मान मिळाला. कारण अशा प्रत्येक मूळसंख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हें युक्लिडनें पूर्वींच दाखविलें होतें. ३ पासून ६ मिळते, आणि ६ चे भाजक १, २, ३ यांची बेरीज पुन्हां ६ च! ७ पासून तसेंच २८.

१७७२ सालीं ऑयलरनें ३१ चा घात खरा ठरविला. ६७ ची पाळी आली ती १८७६ सालीं. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानें भाजक न शोधतां निकाल देणारी कसोटी काढली व तिच्या आधारें ही संख्या मूळसंख्या नव्हे, असें सांगितलें. चोरी सिद्ध झाली. चोर मात्र सांपडेना.

तो सांपडला ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं, न्यूयॉर्क येथें, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशीं गेले, एका बाजूस दोनाचा सदुसष्टावा घात करून त्यांतून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ नें गुणलें. दोन्ही उत्तरें जुळतांच अक्षरहि न बोलतां जाग्यावर जाऊन बसले, अशी आख्यायिका आहे. या शोधास तीन वर्षांतले रविवार लागले, असें ते पुढें म्हणाल्याचें सांगतात. तें अशक्य वाटत नाहीं. या संख्येच्या भाजकांतून एक वजा केला असतां १३४ चीच पट उरावी लागते, एवढा धागा हातीं होता. तरी लहान भाजकासाठीं ती पट १४,४५,५८० वी आहे! वर्गशेषांच्या युक्तीनें त्यांनीं ही वाट पुष्कळ आंखूड केली, पण चालावें लागलेंच.

मेर्सेनच्या यादींत आणखीहि दोष निघाले. २५७ ची संख्याहि मूळसंख्या नव्हती. आणि ६१, ८९ व १०७ हे खरे घात त्यानें गाळले होते.