आळ्याचा रेडा आणि ज्ञानदेवांचे ग्रंथ

पुणे-नाशिक रस्त्याने जाणारा प्रवासी आळेफाट्यावर चहा घेतो आणि पुढे निघतो. जुन्नर तालुक्यातले मूळ आळे गाव तिथून दूर नाही. तिथे एका रेड्याची समाधी आहे, हे आपण सारे जाणतो. पण आपल्यापैकी किती जण तिकडे वळले असतील?

कथा तर सर्वांना पाठ आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. सर्वांभूती एकच आत्मा असेल तर त्या पखालीच्या रेड्याकडून वेद म्हणवून दाखवा, असे तिथल्या ब्रह्मवृंदाने म्हटले आणि रेडा वेद बोलला. पुढे नेवाशाहून आळंदीकडे परतताना आळ्याला त्याने देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी तिथे त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे.

इतिहासाचा अभ्यासक येथे अडखळतो, आणि त्याने अडखळलेच पाहिजे. त्याच्या हाती आहे तो ज्ञानेश्वरीचा शेवट: शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, गोदावरीचा दक्षिण तीर, यादव राजा रामचंद्र, लेखक सच्चिदानंदबाबा. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात पैठणच्या त्या प्रसंगाला जागा मिळालेली नाही.

मग कथा टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. 'अमृतानुभव' उघडून पाहा. ही गीतेवरची टीका नव्हे. दहा प्रकरणांचा हा स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि त्यातले सर्वांत मोठे, सातवे प्रकरण अज्ञानाचे खंडन करण्यात खर्ची पडले आहे. ज्ञानाला झाकणारी अज्ञान नावाची एखादी निराळी वस्तू असते, हेच ज्ञानदेवांना मान्य नाही. पाहणारा आणि दिसणारे हा सारा एकाच चैतन्याचा विलास. तसे असेल, तर बुद्धिहीनाला शिवी द्यायची म्हणून ज्याचे नाव घ्यायचे, तो रेडा या विलासाबाहेर कसा राहील? ज्यांना सातव्या प्रकरणातला युक्तिवाद वाचता येत नव्हता, त्या कुणब्यांनी त्याचा अर्थ समाधीच्या रूपाने आपल्या शिवारात सांभाळला, असे मी समजतो.

त्यात एक तोटाही झाला. समाधीला नारळ फोडणारे हजारो, 'अमृतानुभव' हाती धरणारे मोजके. चमत्कार ऐकला म्हणजे ग्रंथ कळला, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. तिथे आळ्याच्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि पैठणचे पुढे काय झाले? सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, त्याच पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ वेचून काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या गावी भावंडे शुद्धिपत्र मागायला गेली होती, त्याच गावच्या एका ब्राह्मणाने हे काम केले.