धनिकाची थैली व खेळाचा संघ

मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागांतील रेल्वे-कामगारांनीं १८७८ सालीं फुटबॉलचा एक संघ काढिला. १९०२ सालीं कर्जापायीं तो मोडण्याची वेळ आली. तेव्हां दारूचे कारखानदार जॉन हेन्री डेव्हिस यांनीं अन्य तिघांसह पदरचे पैसे घालून त्यास तारिलें. संघास मँचेस्टर युनायटेड हें नांव मिळालें; १९०८ सालीं लीगचें अजिंक्यपद आलें आणि १९१० सालीं डेव्हिस यांच्याच द्रव्यबळावर ओल्ड ट्रॅफर्डचें मैदान उभें राहिलें.

आतां दुसरी बाजू पाहा. २००५ सालीं अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानें हाच संघ सुमारें ७९ कोटी पौंडांस घेतला. परंतु त्यांतील बहुतेक रक्कम कर्जाऊ होती, व त्या कर्जाचा मोठा भार संघाच्याच माथीं आला. खेळाच्या उत्पन्नांतून व्याज जाऊं लागलें. संतापलेल्या कांहीं पाठीराख्यांनीं त्याच वर्षीं 'एफ. सी. युनायटेड' हा सभासदांच्या मालकीचा संघ स्थापिला. तेथें प्रत्येकास एकच मत.

धनी दोघेही, पण एकानें संघाचें ऋण फेडिलें, दुसऱ्यानें त्यास ऋणांत घातलें. म्हणून नवा धनी दारीं येतांच तोरणें बांधूं नयेत. तो थैली सोडावयास आला आहे कीं घर गहाण टाकावयास, हें आधीं पाहावें.