मुशैरिबची भूमी आणि परवानगीचा कागद

वाळवंटात वस्तीचे नाव पाण्यावरून पडावे, यात नवल नाही. कतारची राजधानी दोहा हिच्या जुन्या भागातील ‘मुशैरिब’ या नावाचा अर्थ पाणी पिण्याचे ठिकाण असाच आहे. पुढे समुद्र, त्याच्या काठी बाजार आणि राज्यकर्त्याचा दिवाण, आणि त्यांच्या पाठीशी हा मोहल्ला, अशी त्या नगराची जुनी मांडणी होती. येथील पाणबुडे समुद्राच्या तळातून मोती काढीत आणि ते मोती मुंबईच्या बाजारात जात. ज्या मुंबई बंदरातून कोकणातील शेतकरी पाच वर्षांचे गिरमिट पत्करून मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे निघाले, त्याच बंदराशी दोहाचा हा व्यापार चाले. भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी छापलेला रुपया तेथे 1966 पर्यंत चलनात होता. गिरमिटियांच्या वंशजांना मुशैरिबची कथा अगदीच परकी वाटू नये, याचे हे एक कारण होय. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ते ओघाने येईल.

1930 नंतरच्या दशकात मोत्यांचा धंदा बसला. 1939 मध्ये दुखान येथे तेल लागले, परंतु महायुद्धामुळे त्याची निर्यात 1949 च्या अखेरीपर्यंत सुरू होऊ शकली नाही. तेल कंपनीने आपले पहिले कार्यालय मुशैरिबमधील एका वाड्यात थाटले. याच परिसरात दोहातील पहिला विजेचा रस्ता उजळला आणि त्याचे नाव ‘कहरबा’, म्हणजे वीज, असेच पडले. संपत्तीबरोबर घरांची हौस वाढली. 1972 मध्ये ल्युएलिन-डेव्हिस या ब्रिटिश नगररचनाकार संस्थेकडे दोहाचा पहिला विकास आराखडा सोपविण्यात आला. एकाभोवती एक अशा वर्तुळाकार रस्त्यांची जी रचना आज दिसते, तिचे मूळ त्या आराखड्यात आहे. सरकारने जुनी घरे मोबदला देऊन घेतली, मूळ कुटुंबांना बाहेरच्या बाजूस प्रशस्त भूखंड मिळाले, आणि चौकाभोवतीच्या त्या जुन्या खोल्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ येथून आलेले कामकरी भाड्याने राहू लागले. एका कुटुंबाच्या घरात अनेक गावांची माणसे मावली. खाली शिंप्याचे दुकान, खानावळ, घड्याळजी, वर पथारी. नगराचे हृदय असे एका पिढीत परदेशी श्रमिकांचे झाले. पण सरकारी नकाशावर त्याची नोंद कोठे व्हावी?

नकाशाचा हा विषय थोडा उलगडून पाहिला पाहिजे, कारण सामान्य मनुष्य इमारत पाहतो, तिच्या आधीचा कागद पाहत नाही. नगररचनेचे काम दोन पायऱ्यांनी चालते. प्रथम आराखडा ठरतो: कोणत्या भूमीवर निवास, कोठे व्यापार, कोठे कारखाना, कोठे रस्ता, आणि उंची किती. मग प्रत्येक बांधकामाचा अर्ज त्या आराखड्याशी ताडून पाहिला जातो. इंग्लंडमध्ये 1947 च्या कायद्याने हे सूत्र पक्के केले. जमीन माझी म्हणून मी वाटेल ते बांधीन, हा हक्क तेथे संपला. जिल्हा परिषदेची परवानगी हवी, शेजाऱ्याला हरकत घेता यावी, आणि नकार मिळाल्यास वर दाद मागता यावी. मॉरिशसचा 1954 चा नगर व ग्राम नियोजन कायदा त्याच कुळातला. तेथे आज नगरपालिका किंवा जिल्हा परिषद बांधकाम व भूवापराचा परवाना देते, आणि निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येते. एखाद्या खेड्यातील गृहस्थाला घरावर मजला चढविण्यासाठी हे सारे सव्यापसव्य करताना वैताग येतो खरा. परंतु त्या कागदी खटाटोपातच शेजाऱ्याचा आवाज दडलेला असतो.

कतारमध्येही परवानगीची शिस्त कडक आहे. 1985 च्या चौथ्या क्रमांकाच्या कायद्यानुसार नगरपालिकेच्या परवान्यावाचून इमारत बांधता येत नाही, वाढविता येत नाही, पाडताही येत नाही. मालकीचा दाखला आणि अभियंत्याचे नकाशे जोडावे लागतात. वीज-पाणी खाते आणि अग्निसुरक्षा विभाग यांची संमती लागते. काम संपल्यावर पूर्णतेचा दाखला घ्यावा लागतो. सार्वजनिक हितासाठी जमीन घेण्याचा कायदा 1988 चा आहे, आणि योग्य मोबदल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता घेतली जाणार नाही, असे 2004 च्या संविधानाचे 27 वे कलम सांगते. 1999 मध्ये 29 सदस्यांच्या मध्यवर्ती नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली आणि तीत स्त्रियांनीही मत दिले, ही त्या देशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट. मात्र ती परिषद सल्ला देणारी आहे आणि मतदार केवळ कतारी नागरिक. संविधान रक्षण करते ते मालमत्तेचे. पथारीपुरती जागा भाड्याने घेतलेल्या माणसाजवळ ना मालमत्ता होती, ना मत. तेव्हा अर्जाच्या कोणत्या रकान्यात त्याने आपली हरकत लिहावी?

या व्यवस्थेत मुशैरिबचा कायापालट झाला. सुमारे 31 हेक्टर भूमी मोकळी करण्यात आली आणि 13 जानेवारी 2010 रोजी नव्या वस्तीची कोनशिला बसली. कतार फाउंडेशनच्या मालकीची कंपनी हे काम करीत होती. खर्चाचा अंदाज सुमारे 20 अब्ज रियालांचा. रचनाकारांनी आपल्यापुरता अभ्यास चांगला केला, हे मान्य करावे लागेल. जुन्या गल्ल्यांसारखे अरुंद रस्ते, सावली पडावी अशा जवळजवळ भिंती, समुद्राकडील वारा आत यावा अशी दिशा, मोटारी जमिनीखाली. काचेचे मनोरे उभारण्याच्या त्या काळात हा विचार दुर्मिळच होता. त्याच 2010 सालच्या 15 व्या क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या निवासी भागांत कामगारांची सामूहिक निवासस्थाने ठेवण्यास मनाई केली. मुशैरिबची मोडतोड काही या कायद्यामुळे झाली नाही. परंतु दोन्ही गोष्टींचा रोख एकच होता. श्रमिकाची जागा नगराच्या मध्यावरून कडेला सरकली.

तथापि सारेच पाडले गेले नाही. चार जुने वाडे राखण्यात आले आणि 2015 मध्ये तेथे संग्रहालये उघडली. एक शेख मुहम्मद बिन जासिम यांचा. दुसरा रदवानी कुटुंबाचा, जुन्या कौटुंबिक जीवनाची आठवण देणारा. तिसरा तेल कंपनीचे कार्यालय असलेला, आणि त्यात तेलक्षेत्रावर राबलेल्या पहिल्या कामगारांच्या कष्टांची हकिगत आहे. चौथा वाडा बिन जेलमूद यांचा, गुलामांच्या व्यापाऱ्याचे घर म्हणून ओळखला जाणारा. हिंदी महासागरातील गुलामगिरीचा इतिहास तेथे मांडला आहे. कतारमध्ये गुलामगिरी 1952 मध्ये कायद्याने संपली, आणि भरपाई मिळाली ती मालकांना, हे वाचताना मॉरिशसमधील वाचकास 1835 ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही पैसा मळेवाल्यांना मिळाला आणि मोकळ्या झालेल्यांच्या जागी गिरमिटिये आणले गेले. आपल्या इतिहासातील हा डाग झाकून न ठेवता राजधानीच्या मध्यभागी उघडा करणे, आणि आजच्या काळातील मानवी व्यापाराचाही तेथे उल्लेख करणे, हे धैर्याचे काम आहे. टीका करणाऱ्यांनी ते नाकारू नये. पण पाचवे घर राहिले नाही: ते, ज्याच्या खोल्यांत केरळचे सुतार आणि नेपाळचे गवंडी रात्री पाठ टेकीत. ते सुंदर नव्हते, शंभर वर्षांचे नव्हते. जतनाच्या कोणत्याही कसोटीला ते उतरले नसते.

कसोटी मात्र माणसेच ठरवितात. पोर्ट लुईतील आप्रवासी घाटाचीच गोष्ट घ्यावी. ज्या सोळा पायऱ्या चढून गिरमिटिये किनाऱ्यावर आले, तेथील इमारती म्हणजे राजवाडे नव्हेत: दगडी कोठारे, स्वयंपाकघरे, रुग्णालयाचा भाग. त्या आगाराचा मोठा हिस्सा महामार्गासाठी गेला. तेव्हाच्या नकाशात तो रस्त्याच्या आड येणारा जुना दगड होता. उरलेले 1987 मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरले आणि 2006 मध्ये जागतिक वारसा झाले. 2011 पासून घाटाभोवतीच्या संरक्षक पट्ट्यातील बांधकामासाठी स्वतंत्र नियोजन नियम लागू आहेत. दगड तोच होता; परवानगीच्या मेजाकडे जाऊन बोलणारे वंशज मधल्या काळात उभे राहिले होते, आणि ते त्या देशाचे नागरिक व मतदार होते. मुशैरिबच्या भाडेकऱ्यांची मुले बहुधा मलबारात किंवा तराईत वाढली. दोहात त्यांचे वंशज नाहीत.

2015 मध्ये दोहाच्या औद्योगिक विभागालगत कामगारांसाठी मोठी वसाहत सुरू झाली, आणि तिच्याजवळ बाजार व क्रीडांगणही आहे. मुशैरिबला 2019 पासून भुयारी रेल्वेचे प्रमुख स्थानक असून तिन्ही मार्ग तेथे मिळतात. 2020 मध्ये मंत्रिमंडळाने जे सोळा भाग परदेशी लोकांना 99 वर्षांच्या उपभोगाच्या हक्काने खुले केले, त्यांत मुशैरिबचेही नाव आहे. ज्याच्यापाशी द्रव्य आहे अशा परदेशी माणसाचे नाव आता तेथील दप्तरात चढू शकते.