पवनेचे पाणी आणि उजनीचा फुगवटा

मार्गशीर्षाच्या थंडीत निगडी, आकुर्डी, भोसरीकडून दुर्बिणी घेऊन सोलापूरच्या रस्त्याने भिगवणास निघणारी मंडळी ज्या जलाशयाच्या दर्शनाला जातात, तो काही अनादी नव्हे. तो अडवणारे भीमेवरचे उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. म्हणजे हे पक्षितीर्थ त्या महानगरपालिकेहून जेमतेम दोन वर्षांनी वडील, आणि तेथील पाण्याचा मोठा भाग त्या मंडळींच्याच दारावरून वाहत गेलेला.

मावळात उगम पावणारी पवना चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीवरून येऊन दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि दोघी मिळून दौंडच्या अलीकडे भीमेत विसर्जित होतात. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेला भेटते, आणि ज्या चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला पन्नासांहून अधिक दिवस थोपवून धरले, त्या कसब्याच्या उत्तरेची भामाही अखेर त्याच प्रवाहाला लागते. पेशवाईत देवसंस्थानाच्या इनामांमुळे नावारूपास आलेले चिंचवड काय, कांद्याच्या बाजाराचे चाकण काय, या सबंध मुलखाचे पाणी शेवटी उजनीच्या भिंतीपाशी अडते.

ही भिंत उभी राहण्यापूर्वीचा भीमाकाठ आजच्या पक्षिनिरीक्षकाच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. इंदापूर, करमाळा हा अवर्षणाचा टापू. पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी उन्हाळ्यात वाळवंटातून एका धारेने सरकत असे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस याच काठावरील डिकसळपर्यंत पोहोचला होता. पुढे धरणाची मोजणी झाली, भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या काळ्या जमिनी, वाडे, पाणवठे, देवळे यांवर पाणी चढले. लोहमार्गालाही आपली वाट बदलावी लागली. जुन्या पळसदेवचे प्राचीन शिवालय कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे बाहेर येते, तेव्हा विस्थापितांची कुटुंबे तेथे दर्शनास जातात. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्या त्यागावर हे सरोवर उभे आहे, याचे स्मरण नावेत बसणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

पक्ष्यांच्या दृष्टीने या धरणाची खरी किल्ली त्याच्या उथळ विस्तारात आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा. आणि वरच्या अंगाला, दौंड-भिगवणच्या बाजूस, फुगवटा सपाट शेतजमिनींवर पातळ पसरलेला. गाळात किडे, शंख-शिंपले, शेवाळ. भोवती गव्हाहरभऱ्याची शेते. मध्य आशियातील सरोवरे गोठू लागली म्हणजे हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब दिवसा काठावर विसावतो आणि रात्री शेतांत चरतो; चक्रवाकांच्या जोड्या, तलवार बदके, थापटे, शेकाटे उथळ पाण्यावर जमतात; कैकर वरून मासा हेरतो. गुलाबी छटेचे रोहित तर या जलाशयाचे वैभवच. निसर्गाने घडविलेले एखादे सरोवर शतकानुशतके ज्यासाठी प्रसिद्ध असावे, ते या मानवनिर्मित जलाशयाला काही दशकांत लाभले.

पूर्वी तलावांवर बदकांचे थवे उतरले म्हणजे साहेबलोकांच्या बंदुका निघत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शिकारीला उत्तरोत्तर आळा बसला. उजनीवर जाळी टाकणारे कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार आता पहाटे पक्षिनिरीक्षकांना नावेतून नेतात. कोणता थवा कोणत्या बेटाशी उतरला आहे हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्यांच्या या विद्येला मी कोणत्याही ग्रंथापेक्षा कमी लेखणार नाही.

उजनीचा हा इतिहास पिंपरीच्या इतिहासाहून वेगळा करता येत नाही. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीस स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, शेतांच्या जागी कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. आणि ज्या दशकांत भीमेवर भिंत चढत होती, त्याच दशकांत तिच्या उपनद्यांत या वस्तीचे सांडपाणी मिसळू लागले. पवना-इंद्रायणीवर आजही फेस तरंगतो, जलपर्णी माजते. ते सारे वाहत खाली जाते. आपण चिंचवडच्या घाटावर जे सोडतो, ते भिगवणचा रोहित चोचीने गाळतो. या संबंधाची जाणीव नसलेले पक्षिप्रेम मला अपुरे वाटते.

पाऊस उत्तम झाला की धरण काठोकाठ भरते, सोलापूरकडील ऊसवाला सुखावतो, परंतु गाळाच्या कडा पाण्याखाली राहिल्याने रोहित उशिरा येतात. पाणी उतरू लागले म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात आणि उथळ काठावर रोहितांची रांग दिसू लागते. म्हणून त्यांच्या दर्शनाची इच्छा धरणाऱ्याने केवळ पंचांगावर विसंबू नये; धरणाची टक्केवारी पाहावी, कुंभारगावच्या नावाड्याला विचारावे आणि मगच निघावे.